अठ्ठावन्न टक्के

अ‍ॅप म्हणत होतं: उपलब्ध.
आडिवऱ्याच्या फाट्यावर पोचलो
तर चार्जरच्या खांबाला एक पाडी बांधलेली
आणि पत्र्यावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं, चंदू.
बाईत वहिनी खानावळीतून ओरडल्या,
"सोडा तिला, ती काय करत नाय.
पन दोरी तेवढी गुंडाळून ठेवा."

मी मिरजेचा. पेट्या दुरुस्त करतो.
मागच्या सीटवर तीन पेट्या,
पट्टा लावून बसवलेल्या, सहलीच्या पोरांसारख्या.
दिवाळीआधी पोचत्या करायच्या:
एक कशेळीला, एक नाट्यात,
एक थेट मिठबावला, देवगडाच्या अंगाला.
बॅटरीत अकरा टक्के.
ओणीपासून एसी लावला, त्याची शिक्षा.

गन लावली. खांबाच्या पोटात पंखा फिरू लागला,
काळी एकच्या किंचित खाली.
माझे कान असेच, त्यांना रविवार नसतो.
शेजारच्या बागेत कुणी पंप सुरू केला
की सूर पाव श्रुती बसायचा,
पंप थांबला की पुन्हा जाग्यावर.
तेहतीस. चौतीस.
कुळथाची पिठी, वर लसणाची फोडणी.
बांधावर भाताच्या पेंढ्या, ऑक्टोबरचं चरचरतं ऊन.
एक्केचाळीस.

मग टेम्पो आला. तोही बॅटरीवरचा,
आवाज नाही,
म्हणून आधी वास आला.
अश्रफ सोलकर, साखरी नाटे ते रत्नागिरी,
चौदा क्रेट बांगडा, सहा टक्के.
"आमच्याकडचा जळलाय,
गणपतीत वीज पडली तवापासून."
एवढंच बोलला. माझा आकडा बघितला,
आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

टेम्पोखाली थेंब पडत होते.
आधी विलंबित.
दोन थेंबांत माणूस पान लावून घेईल इतकं अंतर.
सत्तेचाळीसला मध्य लय.
मी हिशोब करत होतो:
जैतापूरचा पूल, पुढचे चढ,
पुढचा खांब जिवंत असेल, नसेल.
ऐंशीच्या आत उठायचं नाही,
पोरानं लाल शाईत लिहून दिलं होतं,
खाली दोन रेघा मारून.
चोपन्न.
पाडी टेम्पोखाली गेली, ते खारट पाणी चाटू लागली.
अश्रफनं तिला हाकललं नाही.
तो क्रेटवर ओलं गोणपाट ओढत राहिला,
एकीकडे झाकलं की दुसरीकडे उघडं पडायचं.
छप्पन्न. थेंब आता एकमेकांवर चढत होते,
सम कुठे, खाली कुठे, पत्ताच नाही.

अठ्ठावन्नला मी गन काढली.
मोठेपणा नव्हता हो.
ती बेताल टपटप ऐकवेना.

"अजून भरा की, फुडं चढ हाय."
"तुझा ताल बिघडलाय," मी म्हणालो.
तो वहिनींकडे बघायला लागला,
म्हाताऱ्याला ऊन बाधलं म्हणून.
मग केळीच्या पानात पाच बांगडे बांधले,
मूठभर उरलेला बर्फ घातला,
मी नको नको म्हणेस्तोवर मागचं दार उघडून ठेवलेसुद्धा.

निघालो. एसी बंद, काचा उघड्या.
उतार लागला तेव्हा पाय नुसता उचलला
आणि गाडीनं एक टक्का आपला आपण मिळवला.
पोराला हे सांगणार नाही, तो लगेच समजावून सांगेल.
वळणावर पानाची पुडी घसरली,
मिठबावच्या पेटीला जाऊन टेकली,
नेमकी भात्याला. नवं चामडं, सगळं पिऊन घेतं.

रात्री देवळात गाबीतवाडीचे बुवा
पहिला सूर धरतील.
थांबतील. वाकतील. भाता हुंगतील.
टाळकरी टाळ धरून बसतील तसेच.
मी सबब जुळवत बसेन,
आणि बुवा विचारतील,
"कुठल्या बंदराचो?"